पात्रं आमची, छापखाना तुमचा: माइलस्टोन कॉमिक्सचं प्रकरण

1989 मध्ये मार्व्हल कॉमिक्ससाठी काम करणाऱ्या ड्वेन मॅकडफीने आपल्या संपादकाकडे एका नव्या मालिकेचा प्रस्ताव पाठवला. मालिकेचं नाव होतं ‘टीनएज नीग्रो निन्जा थ्रॅशर्स’. काळी पोरं आणि स्केटबोर्ड, एवढाच सगळा मसाला. प्रस्ताव अर्थातच खरा नव्हता, टोमणा होता. मार्व्हलचा रॉकेट रेसर स्केटबोर्डवरून हिंडायचा आणि नुकताच आलेला नाइट थ्रॅशरही. मॅकडफीने हिशोब मांडला होता, की कंपनीच्या कृष्णवर्णीय सुपरहिरोंपैकी पाव हिस्सा स्केटबोर्डवाला आहे. मग अशी एक मालिकाच काढून टाकू.

हा माणूस डेट्रॉइटचा. शिक्षण भौतिकशास्त्राचं, नंतर चित्रपटाचं, आणि नोकरी कॉमिक्समध्ये. चार वर्षांनी त्याने तीन मित्रांबरोबर माइलस्टोन ही स्वतःची कंपनी काढली. त्या कंपनीने डीसी कॉमिक्स या बड्या प्रकाशकाशी जो करार केला, त्याचं हे प्रकरण आहे. पात्रांपेक्षा कागदपत्रांवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

एकट्याच्या डोक्यावरचं ओझं

1993 पर्यंत अमेरिकन कॉमिक्समध्ये काळे सुपरहिरो नव्हते असं नाही. ब्लॅक पँथर 1966 मध्ये आला, फाल्कन 1969 मध्ये, ल्यूक केज 1972 मध्ये, डीसीचा ब्लॅक लाइटनिंग 1977 मध्ये. (आपल्याकडच्या दलित पँथरचं नाव या कॉमिकवरून आलं अशी कुणाची समजूत असेल तर ती चुकीची. ते नाव आलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून.) हे नायक लिहिणारे मात्र जवळजवळ सगळे गोरे होते. बिली ग्रॅहम किंवा ट्रेव्हर व्हॉन ईडन यांच्यासारखे कृष्णवर्णीय चित्रकार होते, पण पात्राची मालकी त्यांची नव्हती आणि पात्राने काय करावं हे ठरवायचा अधिकारही नव्हता.

मॅकडफीचा मुद्दा याच्या पुढचा होता. संघात एकच काळा नायक असला की तो साधा माणूस राहत नाही, अख्ख्या समाजाचा प्रतिनिधी होतो. तो चिडला तर ‘काळे चिडखोर’, हरला तर ‘काळे दुबळे’. म्हणून लेखक त्याला जपून वागवतो, आणि जपून वागवलेलं पात्र कंटाळवाणं होतं. सुपरमॅन म्हणजे सगळे गोरे नव्हेत आणि त्याचा शत्रू लेक्स ल्युथरही नव्हे, कारण तिथे गोरे पुष्कळ आहेत. तेव्हा उपाय एकच: आपलीही गर्दी उभी करायची. शहाणा, मूर्ख, श्रीमंत, गुंड, सनातनी, बंडखोर असे सगळे, आणि सगळे एकाच वेळी.

सगळं प्रकरण या एका विचारातून पुढे सरकतं. गर्दी हवी तर एक मालिका पुरत नाही, निदान चार लागतात. चार मालिका म्हणजे दर महिन्याला चार लेखक, चार चित्रकार, शाईकाम, अक्षरलेखन, रंग, छपाई आणि देशभर वितरण. चार मित्रांच्या खिशातून हे होण्यासारखं नव्हतं.

स्वतःच्या खिशातून करून पाहणारा एक जण आधी होऊन गेला होता. फिलाडेल्फियाचा पत्रकार ऑरिन इव्हान्स. तो ज्या वर्तमानपत्रात होता ते 1947 मध्ये बंद पडलं, आणि त्याच वर्षी त्याने ‘ऑल-नीग्रो कॉमिक्स’चा पहिला अंक काढला. लेखक-चित्रकार सगळे कृष्णवर्णीय, त्यांत त्याचा भाऊही. किंमत 15 सेंट, इतर कॉमिक्स 10 सेंटला मिळत असताना. आत एस हार्लेम नावाचा गुप्तहेर आणि आफ्रिकेत युरेनियमचा साठा राखणारा लायन मॅन. दुसऱ्या अंकाची तयारी झाली होती, पण त्याला कागद मिळाला नाही. आधी माल देणाऱ्यांनी हात वर केले आणि मासिक एका अंकातच संपलं. इव्हान्सकडे मालकी शंभर टक्के होती, फक्त कागद दुसऱ्याचा होता.

माइलस्टोनचे चौघे करार करायला बसले तेव्हा त्यांच्यापुढे हे दोन नमुने होते असं समजायला हरकत नाही. मार्व्हलमध्ये सगळं मिळतं, पण तुमचं काहीच नसतं. इव्हान्सचं सगळं स्वतःचं होतं, पण दुसरा अंक निघाला नाही.

करार

चौघे म्हणजे मॅकडफी, चित्रकार डेनिस कावन, चित्रकार मायकल डेव्हिस आणि डेरेक डिंगल. कल्पनेची सुरुवात कावनची. डिंगल ‘ब्लॅक एंटरप्राइज’ या उद्योगविषयक मासिकातला पत्रकार. माझ्या मते चौकडीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस तोच. चित्रकार-लेखकांच्या टोळीत ताळेबंद वाचता येणारा एक जण असला की करार वेगळा होतो.

डीसी कॉमिक्सशी ठरलं ते थोडक्यात असं. पात्रांचे हक्क माइलस्टोनचे. गोष्टी आणि चित्रांवर ताबा माइलस्टोनचा. खेळणी, मालिका, चित्रपट यांसाठी पात्रं कुणाला द्यायची यावर शेवटचा शब्द माइलस्टोनचा. डीसीने छापायचं, विकायचं आणि त्या बदल्यात माइलस्टोनला वार्षिक शुल्क व नफ्यातला वाटा द्यायचा. म्हणजे एरवी प्रकाशक मालक आणि लेखक भाडेकरू असतो, ते इथे उलट झालं. मात्र एक दार डीसीने आपल्या हातात ठेवलं: एखादा मजकूर बदलायचा अधिकार नसला तरी तो न छापण्याचा अधिकार होता.

या शेवटच्या कलमाकडे करार वाचताना सहज दुर्लक्ष होतं. आपल्याकडे पुस्तकाचे करार करणाऱ्यांनाही हा अनुभव असेल. ‘संहितेत बदल करणार नाही’ हे वाचून लेखक खूश होतो आणि ‘प्रकाशनाचा निर्णय प्रकाशकाचा’ हे खालचं वाक्य नजरेतून निसटतं.

डाकोटा

1993 च्या सुरुवातीला चार मालिका बाजारात आल्या: ‘हार्डवेअर’, ‘ब्लड सिंडिकेट’, ‘आयकॉन’ आणि ‘स्टॅटिक’. चारही डाकोटा नावाच्या एकाच काल्पनिक शहरात घडणाऱ्या. पॅरिस आयलंड नावाच्या गरीब वस्तीत टोळ्यांची मारामारी जुंपते. पोलीस अश्रुधूर सोडतात, पण त्यात एक प्रायोगिक रसायन मिसळलेलं असतं. पुष्कळ पोरं मरतात, जी वाचतात त्यांच्यात शक्ती येतात. या घटनेला गोष्टीत ‘बिग बँग’ म्हणतात. कोळी चावला, अंतराळातून किरण आले, अशा नेहमीच्या योगायोगांशी याची तुलना करून पाहा. इथे शक्ती येते ती सरकारी नळकांड्यातून.

‘हार्डवेअर’चा पहिला अंक मी या संपूर्ण प्रकरणाचं सर्वोत्तम टिपण मानतो. कर्टिस मेटकाफ हा असामान्य संशोधक. लहानपणी त्याची हुशारी हेरून एडविन अल्व्हा या उद्योगपतीने त्याला शिकवलेलं, मग नोकरीवर ठेवलेलं. कर्टिसच्या शोधांवर अल्व्हा कोट्यवधी कमावतो. एक दिवस कर्टिस नफ्यातला वाटा मागतो. अल्व्हा त्याला शांतपणे जागा दाखवून देतो: तू घरचा नाहीस, तू यंत्रातला एक दाता आहेस. राजीनामा द्यावा तर करारामुळे दुसरीकडे काम करता येत नाही. मग कर्टिस अल्व्हाच्याच प्रयोगशाळेत, अल्व्हाच्याच पैशाने गुपचूप चिलखत बनवतो आणि अल्व्हाविरुद्ध लढतो.

त्या अंकाची सुरुवात एका पक्ष्याने होते. कर्टिसच्या लहानपणी घरात पाळलेला एक छोटा पोपट पिंजऱ्यातून निसटतो आणि थेट खिडकीवर जाऊन आदळतो. पिंजऱ्याबाहेर पडणं म्हणजे सुटणं, असं त्याला वाटलेलं असतं. पक्ष्याला काच दिसत नाही. मोठ्या कंपन्यांत काम करून बाहेर पडलेल्या, आणि लगेच दुसऱ्या मोठ्या कंपनीबरोबर सही केलेल्या माणसांनी ही गोष्ट आपल्या पहिल्याच पानांवर घालावी, यात भाबडेपणा अजिबात नाही. काच कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं.

‘आयकॉन’ सुपरमॅनला उलटा करून पाहतो. परग्रहावरच्या प्रवाशाची कुपी 1839 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतात पडते आणि ती सापडते एका गुलाम बाईला. कुपी त्याचं रूप तिच्यासारखं करते. दीडशे वर्षं न म्हातारा होता तो जगतो आणि 1993 मध्ये ऑगस्टस फ्रीमन नावाचा श्रीमंत, सनातनी विचारांचा वकील असतो. स्वतःच्या बळावर वर आलो, इतरांनीही यावं, अशा मताचा. त्याच्या घरात चोरी करायला पोरं घुसतात. त्यांतली पंधरा वर्षांची रकेल अर्विन त्याला उडताना पाहते आणि काही दिवसांनी परत येऊन त्यालाच सुनावते की एवढी शक्ती असून तू बंगल्यात बसून काय करतोस? रकेल पॅरिस आयलंडची. तिला कादंबरीकार टोनी मॉरिसनसारखं लिहायचंय. पुढे तिला दिवस गेल्याचं कळतं, मूल होतं, आणि ती तरीही ‘रॉकेट’ म्हणून लढत राहते. दोघं पोशाख चढवून पहिल्यांदा मदतीला धावतात तेव्हा काय होतं? पोलीस त्यांच्यावरच बंदुका रोखतात. सुपरमॅनचं असं कधी होत नसणार, हे रकेलच्या लगेच ध्यानात येतं. या मालिकेला संपूर्ण प्रचारकी म्हणणाऱ्यांनी हे पाहावं की ‘आयकॉन’मध्ये दोन काळी माणसं सतत एकमेकांशी वाद घालतात आणि लेखक कुणाच्याच बाजूने निकाल देत नाही. गर्दीचा फायदा तो हा.

‘स्टॅटिक’ म्हणजे पंधरा वर्षांचा व्हर्जिल हॉकिन्स, तोंडाळ, कॉमिक्सवेडा. नाव उचललं ते खऱ्या व्हर्जिल हॉकिन्सचं. त्याला 1949 मध्ये वर्णामुळे फ्लोरिडा विद्यापीठाच्या विधी शाखेत प्रवेश नाकारला गेला आणि त्याने नऊ वर्षं कोर्टात झुंज दिली. गोष्टीतला व्हर्जिल बिग बँगच्या रात्री तिथे कसा पोचतो? छळणाऱ्या पोराचा सूड घ्यायला, खिशात पिस्तूल घेऊन. त्याच्याने गोळी झाडवत नाही, मग अश्रुधुराचं नळकांडं येतं. कथा मॅकडफी आणि रॉबर्ट वॉशिंग्टन यांची, चित्रं जॉन पॉल लिऑन या तेव्हा अगदी कोवळ्या वयाच्या चित्रकाराची.

रंगाबद्दल सांगायलाच हवं. कॉमिक्सची जुनी छपाई मोजक्या ठोकळेबाज रंगांत चालायची. गोऱ्या त्वचेसाठी गुलाबीसर छटा ठरलेली. काळ्या त्वचेसाठी असायचा एकच तपकिरी, तो कधी राखाडी दिसायचा तर कधी जांभळट, आणि सगळ्या काळ्या माणसांना तोच. माइलस्टोनने हाताने रंगवण्याची आपली पद्धत बसवली, ‘माइलस्टोन 100’ नावाची. त्या कामात नोएल गिडिंग्ज ही चित्रकार पुढे होती. एकाच चौकटीत बाप, मुलगी आणि शेजारी तिघांचा वर्ण तीन तऱ्हांचा दिसू लागला. आपण लहानपणी वाचलेल्या चित्रकथांत राजपुत्राचा रंग कोणता होता आणि राक्षसाचा कोणता, एवढं आठवून पाहिलं तरी या कामाचं मोल कळेल.

दोन्हीकडून मार

पहिला आरोप आला तो घरच्यांकडूनच. त्याच वर्षी काही छोट्या कृष्णवर्णीय प्रकाशकांनी ‘आनिया’ नावाने एकी केली होती. त्यांचं म्हणणं, डीसीच्या छापखान्यातून येणारं कॉमिक काळ्यांचं कसं? गोऱ्या मालकाच्या ओसरीवर बसून घराची भाषा करू नका. ‘विकले गेले’ हा शब्द वापरला गेला.

मला हा आरोप पटत नाही, पण तो मूर्खपणाचा होता असंही म्हणणार नाही. दुसऱ्याच्या गाडीत बसल्यावर गाडी कुठे थांबायची ते गाडीवालाच ठरवतो. एवढं मात्र खरं की आनियाची पुस्तकं फार थोड्या दुकानांत पोचली आणि ती एकी अल्पायुषी ठरली. इव्हान्सचाच प्रश्न पुन्हा.

करारातलं ते खालचं वाक्य 1995 मध्ये समोर आलं. ‘स्टॅटिक’च्या 25 व्या अंकात व्हर्जिल आणि त्याची मैत्रीण डेझी यांच्यापुढे प्रश्न असतो, शरीरसंबंध ठेवायचे की नाही. विषय किशोरांच्या वयाला साजेशा जबाबदारीने हाताळलेला. मुखपृष्ठावर सोफ्यावर चुंबन घेणारी दोघं आणि बाजूला कंडोमची पाकिटं. डीसीने हे मुखपृष्ठ छापायला नकार दिला. गोष्टीतला एक शब्दही बदलला नाही, तेवढा करार पाळला. तडजोड अशी निघाली की बाहेर चित्राचा थोडाच भाग दिसेल आणि पूर्ण चित्र आतल्या पानावर जाईल. काळ्या नायकाला पोलीस बंदूक दाखवतात, हे 1993 मध्ये चाललं. काळी पोरं कंडोमचा विचार करताना मुखपृष्ठावर दिसली, हे मात्र चाललं नाही. यातून डीसीच्या भीतीची नेमकी जागा कळते.

तरीही माइलस्टोनला मारलं ते डीसीने नव्हे, दुकानांनी. अमेरिकेत कॉमिक्स विकणारी खास दुकानं असतात. दुकानदार दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवतो आणि न खपलेला माल परत जात नाही. त्यामुळे वाचकाला काय आवडेल यापेक्षा, वाचकाला काय आवडेल असं दुकानदाराला वाटतं, यावर किती प्रती छापायच्या ते ठरतं. ‘आमच्याकडे काळी गिऱ्हाइकं येत नाहीत’ असं एका गोऱ्या वस्तीतल्या दुकानदाराने मनात धरलं की त्या दुकानात ‘आयकॉन’ येतच नाही, आणि आला नाही म्हणून खपतही नाही. गोऱ्या पोराला काळा नायक आवडेल ही शक्यता नोंदवायला मागणीपत्रकात रकानाच नसतो.

त्यात मुहूर्त वाईट. 1993 मध्ये लोक अंक वाचायला नव्हे, पुढे महाग विकायला घेत होते. माइलस्टोननेही पहिले अंक प्लास्टिकच्या पाकिटात पोस्टर आणि संग्राह्य कार्ड घालून काढले. तो फुगा लवकरच फुटला. दुकानं धडाधड बंद झाली. 1994 च्या अखेरीस मार्व्हलने स्वतःचा वितरक विकत घेतला, मग बाकीच्यांची धावपळ होऊन वितरण जवळजवळ एकाच कंपनीच्या हातात गेलं. माइलस्टोन मात्र याच काळात ‘शॅडो कॅबिनेट’, ‘झॉम्बी’, ‘कोबाल्ट’ अशा मालिका वाढवत होतं. माझ्या मते त्यांची खरी चूक ही. गर्दीचा सिद्धांत बरोबर होता, पण उतरत्या बाजारात गर्दी पोसणं परवडत नाही. ‘ब्लड सिंडिकेट’ 35 अंकांवर थांबलं, ‘आयकॉन’ 42 वर, ‘स्टॅटिक’ 45 वर, ‘हार्डवेअर’ 50 वर. 1997 च्या वसंतापर्यंत सगळं आटोपलं.

नंतर

साधारणपणे बंद पडलेल्या कॉमिकची गोष्ट इथे संपते. पात्रं मोठ्या प्रकाशकाच्या गोदामात जातात आणि निर्माते दुसरीकडे काम शोधतात. इथे पात्रांची कागदपत्रं माइलस्टोनकडे होती. कंपनी छपाई सोडून हक्क देण्याच्या धंद्यात उतरली. 23 सप्टेंबर 2000 ला ‘स्टॅटिक शॉक’ ही अॅनिमेशन मालिका अमेरिकन दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि 2004 पर्यंत 52 भाग चालली. शाळेत पिस्तूल आणणाऱ्या मुलावरच्या ‘जिमी’ या भागाला ह्युमॅनिटास पुरस्कार मिळाला. कॉमिक्सच्या दुकानात कधी पाऊल न टाकलेल्या मुलांपर्यंत व्हर्जिल पोचला. सगळंच जसंच्या तसं नाही गेलं. कॉमिकमध्ये व्हर्जिलचे आईबाप दोघंही घरात असतात. पडद्यावर आई आधीच वारलेली दाखवली. भांडणारं, हसणारं, शाबूत काळं कुटुंब हे कॉमिकचं मोठं बळ होतं आणि पडद्यावर ते उणं झालं.

मॅकडफी पुढे ‘जस्टिस लीग’ आणि ‘बेन टेन: एलियन फोर्स’ या अॅनिमेशन मालिकांकडे वळला. आपल्याकडे बेन टेनचं घड्याळ मनगटाला बांधून फिरणाऱ्या पोरांनी त्याचं काम पाहिलेलं आहे, नाव मात्र ऐकलेलं नाही. डीसीसाठीही त्याने ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ हे कॉमिक लिहिलं. माइलस्टोनची पात्रं त्याच सुमारास डीसीच्या विश्वात दाखल झाली. पण या वेळी तो पगारी लेखक होता. इतर मालिकांच्या सोयीसाठी त्याच्या गोष्टींत फेरफार व्हायचे. वाचकांनी विचारलं तेव्हा त्याने ते उघडपणे सांगितलं आणि 2009 मध्ये त्याला त्या मालिकेवरून काढण्यात आलं. सोळा वर्षांपूर्वी याच कंपनीला त्याच्या अंकातला स्वल्पविराम हलवण्याचा अधिकार नव्हता. माणूस तोच, कंपनी तीच, फरक फक्त सहीच्या कागदात. 1993 च्या कराराला विक्री म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच आहे.

21 फेब्रुवारी 2011 ला, एकोणपन्नासाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, हृदयाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीमुळे मॅकडफी गेला. 2015 मध्ये कावन, डिंगल आणि निर्माते रेजिनाल्ड हडलिन यांनी माइलस्टोन पुन्हा उभं करत असल्याचं जाहीर केलं. मग मॅकडफीच्या वारसाहक्काचा दावा कोर्टात गेला आणि वर्षं निघून गेली. मालकीचा कागद सांभाळला की पुढच्या पिढीत त्याचे वाटेही पडतात.

2021 मध्ये ‘स्टॅटिक’ नव्याने सुरू झाली. बिग बँग आता टोळ्यांच्या मारामारीत होत नाही, पोलिसी हिंसेविरुद्धच्या मोर्च्यात होतं. अश्रुधुराचं नळकांडं तेच आहे. अंक छापला तो डीसीनेच.